धाड, दहशत आणि दाद

खापरच्या आमच्या जुन्या घराच्या दाराला आतून दोन अडसर होते. एक रोजचा. दुसरा जाड, सागाचा; त्याला घरात 'धाडीचा अडसर' म्हणत. तो लावलेला मी कधी पाहिला नाही. माझ्या आजीने तरी पाहिला होता की नाही, याची मला शंका आहे. पण संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लागल्या की ती एकदा त्या अडसराला हात लावून येई. डोंगरातून भिल्लांची धाड येते, दुकान लुटते, खतावण्या जाळते, हे तिने तिच्या सासूकडून ऐकले होते आणि सासूने तिच्या सासूकडून. धाड कधी आली की नाही ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हते. भीती मात्र पिढ्यान् पिढ्या घरात नांदत होती.

चाळिशीनंतर मला इतिहास वाचण्याचा नाद लागला. कुठल्या विद्यापीठाची पदवी पाठीशी नव्हती. दुकान सांभाळून, मिळेल ते वाचायचे आणि पायी फिरायचे, एवढेच भांडवल. त्या फिरण्यात वरच्या पाड्यांवर म्हाताऱ्या माणसांपाशी बसू लागलो, तेव्हा कळले की भीती तिकडेही आहे आणि तीही तितकीच जुनी. तिथल्या आज्या रडणाऱ्या मुलाला म्हणत, गप्प बस, शिपाई येईल. गप्प बस, सावकाराचा माणूस येईल. आमच्या ओट्यावर डोंगराची भीती आणि डोंगरात ओट्याची भीती. मध्ये तीन-चार कोसांचे अंतर.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे. पश्चिमेला थोडे गेले की सागबारा, म्हणजे गुजरात. उत्तरेला सातपुडा. महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगरेच्या याहा मोगी मातेच्या जत्रेला जाणारे आदिवासी याच वाटेने जातात. बाजारात भिली, अहिराणी, गुजराती, मराठी एकाच वेळी ऐकू येते. अशा गावात राहून 'दहशतवाद' या विषयावर का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे कारण एका मुलाच्या प्रश्नात आहे.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पाड्यावरचा एक तरुण अधूनमधून माझ्याकडे पुस्तके न्यायला येतो. एकदा तो मोबाइलवर १८८० सालचे खानदेशचे इंग्रजी गॅझेटिअर उघडूनच आला. "काका, आमच्याकडे खाज्या नाईकांचं नाव देवासारखं घेतात. ह्यात त्यांना लुटारू केलंय. कुणी आज लिहिलं असतं तर अतिरेकी म्हटलं असतं. मग मी काय समजायचं?" मी त्याला तेव्हा काहीतरी गुळमुळीत सांगितले. इंग्रजांच्या चष्म्यातून लिहिलेले आहे, वगैरे. ते खोटे नव्हते, पण उत्तरही नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

शब्दाचा प्रवास

'धाड' आपला जुना शब्द. 'दहशत' अरबी-फारसीतून आला आणि रुळला. त्याला 'वाद' जोडून केलेला शब्द मात्र युरोपातल्या शब्दाची सावली आहे आणि त्या मूळ शब्दाची जन्मकथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १७९३-९४ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने संशयितांना गिलोटिनखाली पाठवण्याचा सपाटा लावला. त्या राजवटीलाच 'दहशत' हे नाव मिळाले. ५ फेब्रुवारी १७९४ च्या भाषणात रोबेस्पिअरने सद्गुण आणि दहशत यांची जोडी लावून तिचे उघड समर्थन केले. त्याच वर्षी जुलैत तो स्वतः गिलोटिनवर गेला आणि त्याच्या माणसांना 'दहशतवादी' म्हटले जाऊ लागले. म्हणजे हा शब्द प्रथम लागला तो सरकारला, सरकारशी लढणाऱ्यांना नव्हे.

शतकभराने तो उलटा फिरला. रशियात 'नरोदनाया वोल्या' या गुप्त संघटनेने १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याला बॉम्बने मारले. तिथून पुढे शब्द सरकारविरोधी गटांना चिकटला. डेव्हिड रॅपोपोर्ट या अमेरिकी अभ्यासकाने आधुनिक दहशतवादाच्या चार लाटा सांगितल्या आहेत: १८८० च्या सुमाराची अराज्यवाद्यांची, १९२० नंतरची वसाहतविरोधी, १९६० नंतरची नव्या डाव्यांची आणि १९७९ नंतरची धर्माच्या नावाने आलेली. प्रत्येक लाट साधारण एक पिढी टिकते, असे त्याचे म्हणणे. ही मांडणी उपयोगी आहे, पण तिच्यात सरकारी दहशतीला जागा नाही.

१९३४ मध्ये युगोस्लाव्हियाच्या राजाचा मार्सेय बंदरात खून झाला. त्यानंतर राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये दहशतवादविरोधी करार तयार केला. चोवीस देशांनी सह्या केल्या. पण रीतसर मान्यता फक्त एकाच देशाने दिली आणि तो देश म्हणजे हिंदुस्थान! अर्थात आपल्या लोकांनी नव्हे, दिल्लीतल्या इंग्रज सरकारने. पुढे १९९६ मध्ये स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला. तो अजून अडकलेला आहे. अडते ते व्याख्येपाशी: मुक्तीसाठी लढणाऱ्यांना यातून वगळायचे का आणि सरकारी फौजांच्या कृत्यांना यात धरायचे का?

राष्ट्रांचे एकमत होत नसले, तरी अभ्यासकांच्या अनेक व्याख्या एकमेकींवर ठेवल्या की तीन खुणा बहुतेक सगळीकडे सापडतात. एक, मारला जाणारा एक आणि घाबरवायचा असतो तो दुसराच. दोन, मारला जाणारा बहुधा निःशस्त्र, लढाईबाहेरचा असतो. तीन, हेतू पोटाचा किंवा खासगी वैराचा नसून सत्तेशी संबंधित असतो. या तीन खुणांत करणारा कोण, हे कुठेही नाही. तो बंडखोर असेल, सरकार असेल, पाटील असेल. हीच मोजपट्टी घेऊन मी खानदेशच्या इतिहासाकडे पाहायचे ठरवले.

कोपरगाव ते धरणगाव

भिल्ल म्हणजे डोंगरातून उतरणारा लुटारू, हे चित्र फार जुने नाही. मराठेशाहीत खानदेशातल्या अनेक गावांची राखण भिल्ल नाईकच करीत. चोरी झाली तर माग काढायचा, माल परत आणायचा, नाहीतर भरपाई द्यायची. त्याबद्दल गावाकडून ठरलेला हक्क मिळे. डोंगरघाटांवरही त्यांचेच पहारे असत. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशावरून गेल्या आणि १८०३-०४ मध्ये दुष्काळ पडला. गावे ओस पडली. राखायला गावच उरले नाही तर राखणदाराचा हक्क कोण देणार? राखणारे हातच धाडी घालू लागले.

पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी यावर जो उपाय केला, त्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. १८०४ मध्ये कोपरगावला भिल्लांना विश्वासाने बोलावून घेण्यात आले, घेरण्यात आले आणि कापून विहिरींत टाकण्यात आले. चाळीसगाव, धरणगाव आणि अंतूरचा किल्ला इथेही त्यांना असेच मोठ्या संख्येने मारल्याचे त्यात म्हटले आहे. मोजपट्टी लावून पाहा. बोलावलेले सगळेच धाडी घालणारे होते का, हे कुणी तपासले नाही. मारायचे होते समोरच्यांना, निरोप द्यायचा होता डोंगरातल्यांना. तिन्ही खुणा लागतात. आमच्या भागातल्या दहशतीचा लेखी पुरावा शोधत मागे गेलो, तर पहिला सापडला तो हा; आणि तो आपल्या मराठी कारभाराचा आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण गाळून पुढे गेलो तर उरलेल्या लेखाला अर्थ राहणार नाही.

मग भिल्लांच्या धाडी? त्यांत माणसे मेली, गावे जळाली, वाण्या-कुणब्यांची घरे धुपली. माझ्या आजीच्या सासूची भीती खोटी नव्हती. पण बहुतेक धाडींच्या मुळाशी दोनच गोष्टी दिसतात: पोट आणि थकलेला हक्क. हक्क दिला की धाड थांबे, असे दाखले पुढच्याच काळात मिळतात.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा तिथला पहिला प्रमुख अधिकारी. सुरुवातीची सहा-सात वर्षे मुख्य भर जोरावर होता: घाट अडवा, रसद तोडा, नाईकांना पकडा, फाशी द्या. सातपुड्याच्या तापाने सैनिक मेले, पण धाडी थांबल्या नाहीत. १८२५ मध्ये धोरण बदलले. जेम्स आउट्राम नावाच्या तरुण लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितले गेले. तो थोड्या माणसांनिशी डोंगरात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला आणि हळूहळू भरती झाली. या भिल्ल पलटणीचे ठाणे कुठे पडले? धरणगावला, जिथे काही वर्षांपूर्वी भिल्लांना मारले होते, तिथेच. त्याबरोबर तीन भिल्ल एजन्सी झाल्या. वायव्येकडची आमच्या बाजूची. तिच्याकडे नंदुरबार, सुलतानपूर हा मुलूख होता. नाईकांचे थकलेले हक्क रोख मिळू लागले, जुन्या गुन्ह्यांना माफी मिळाली, शेती करणाऱ्याला बैल-बियाण्यासाठी तगाई मिळाली. तक्रार घेऊन जायला एक माणूस आणि एक जागा झाली.

काही वर्षांत धाडी ओसरल्या. इंग्रज उदार होते म्हणून हे झाले, असे मी म्हणत नाही. त्यांना महसूल हवा होता आणि शांतता स्वस्तात हवी होती. शिवाय पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने त्यांनीच आदिवासींच्या पायाखालचे जंगल सरकारी केले आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी सावकाराचे हात बळकट केले. पण १८२५ चा धडा खरा आहे. जे काम सात वर्षांच्या बंदुकीने झाले नाही, ते बरेचसे 'दाद' या एका गोष्टीने झाले.

खाज्या नाईक

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या राखणीवर होता. म्हणजे सरकारचाच माणूस. ताब्यातल्या एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला तुरुंगवास झाला आणि नोकरी गेली. सुटून आल्यावर तो पुन्हा नोकरी मागत राहिला. १८५७ मध्ये उत्तरेत भडका उडाल्यावर सरकारने घाईने त्याला परत घेतले. काही महिन्यांतच तो बंडात उतरला. भीमा नाईक त्याच्या जोडीला होता. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी घाटात लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेक भिल्लांना जागच्या जागी लष्करी न्याय लावून गोळ्या घातल्या गेल्या. बायकांना कैद केले गेले. खाज्या पुढे विश्वासघाताने मारला गेला. भीमा नाईक अंदमानात गेला आणि तिथेच १८७६ मध्ये वारला.

मोजपट्टी लावली तर काय दिसते? सरकारी खजिना लुटणे आणि पलटणीशी समोरासमोर लढणे हे बंड आहे, दहशतवाद नाही. पण त्या गदारोळात वाटेवरचे साधे व्यापारी आणि गावकरीही लुटले गेले आणि त्यांना ते बंड म्हणजे धाडच वाटली. दुसऱ्या बाजूला, बायकांना कैद करणे आणि पकडलेल्यांना रांगेत उभे करून गोळ्या घालणे यात शिक्षेपेक्षा निरोप मोठा होता. एकाच प्रसंगात बंड, लूट आणि दहशत तिन्ही आहेत. गॅझेटिअरने त्यातला एकच शब्द उचलला, आपण स्मारकावर दुसरा लिहिला. दोन्ही ठिकाणी पान अर्धेच भरले आहे.

नाशिक आणि 'केसरी'

आपला हात जिथे खरा अडखळतो ती जागा पुढे आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार. लोक त्यांना 'पंडित' म्हणत. पण बाबाराव सावरकरांवरच्या खटल्यात त्यांचा हात होता आणि त्या खटल्यात, कविता छापल्याबद्दल, बाबारावांना जन्मठेप झाली होती. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सरकारने १९१८ मध्ये नेमस्तांनाही हादरवणारा रौलट समितीचा अहवाल काढला. त्यात महाराष्ट्राची हकीकत १८९७ च्या चापेकरांपासून सुरू होते आणि बंगालच्याही आधी येते.

आपण या तरुणांना हुतात्मे म्हणतो आणि मीही म्हणतो. पण अभ्यास करताना एक प्रश्न टाळता येत नाही: नाट्यगृहात, घाबरवण्याच्या हेतूने केलेला एका मुलकी अधिकाऱ्याचा खून कुठल्या खणात ठेवायचा? त्यांनी प्रेक्षकांवर बॉम्ब टाकला नाही. ज्याला ते जुलमाचा धनी समजत, त्याच एकावर गोळी झाडली आणि स्वतःच्या जिवाची किंमत मोजली. हा फरक मोठा आहे आणि पुढच्या काळातल्या गर्दीतल्या बॉम्बपासून त्यांना वेगळे ठेवायला तो पुरेसा आहे. तरी कृत्यामागचा हिशेब, म्हणजे एकाला मारून सगळ्यांना इशारा, तोच होता. आदर ठेवून हे म्हणता येते.

कारणांची चर्चा मात्र त्या आधीच एका मराठी संपादकाने करून ठेवली होती. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन इंग्रज स्त्रिया हकनाक मेल्या. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त लिहिलेल्या लेखांपैकी 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवर खटला झाला आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा होता की बॉम्ब ही वाईटच गोष्ट, पण लोकांनी सनदशीर मार्गाने केलेल्या मागण्या वर्षानुवर्षे पायदळी तुडवल्या की काही माथेफिरू निघणारच. आणखी दडपशाही हा त्यावरचा टिकाऊ उपाय नव्हे. सरकारने हा विचार ऐकून घेण्याऐवजी विचार मांडणाऱ्याला मंडालेला पाठवले. जॅक्सनचा खून त्यानंतर दीडच वर्षाने झाला. एकातून दुसरे निघाले असे सिद्ध करता येणार नाही. क्रम मात्र नोंदण्यासारखा आहे.

रावलापाणीचा नाला

पुन्हा आमच्या डोंगरात येतो. तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरचे संत गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात भिल्लांमध्ये एक चळवळ उभी केली. दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, चोरी करू नका आणि भेटला की 'आप की जय' म्हणा. आरतीला हजारो माणसे जमू लागली. १९३८ मध्ये महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. या चळवळीत शस्त्र नव्हते. तरी दारूचे ठेकेदार आणि बडे जमीनदार बिथरले, कारण न पिणारा आणि हिशेब विचारणारा मजूर त्यांना परवडणारा नव्हता. सरकारलाही हजारो भिल्ल एकत्र बसतात हीच गोष्ट भीतीदायक वाटली. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या या लोकांवर गोळीबार झाला. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात.

त्या आधी सहाच महिन्यांपूर्वी, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले होते. शिरीषकुमार जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. रावलापाणी जिल्ह्यातल्याही अनेकांना ठाऊक नाही. मीही पन्नाशीच्या जवळ आल्यावर तिथे पहिल्यांदा गेलो.

जे घडले नाही त्याचा इतिहास

इतिहासात घडलेल्या गोष्टींची कारणे शोधतात. न घडलेल्या गोष्टींची कारणे शोधणे अवघड, पण आमच्या जिल्ह्यात तेच जास्त शिकवणारे आहे. १९७० च्या सुमारास शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात हिंसक उठावाला लागते ती सगळी सामग्री हजर होती. आदिवासींच्या जमिनी गहाण पडून मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. सालदारकीत माणूस वर्षानुवर्षे अडकत असे. मे १९७१ मध्ये दुष्काळात धान्यावरून पाटीलवाडीला संघर्ष झाला, गोळ्या चालल्या, आदिवासी मेला. पिके राखण्याच्या नावाखाली मोठ्या शेतकऱ्यांचे खासगी सशस्त्र दल उभारण्याची भाषाही झाली. चारच वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, बंगालात नक्षलबारी होऊन गेली होती आणि तिथला एक गट आता वर्गशत्रू एकेकटा गाठून मारण्याची भाषा करीत होता. शहाद्याला येणाऱ्या शहरी तरुणांच्या कानांवर ती भाषा पडली नसेल, असे नाही.

पण इथे वेगळे झाले. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातूनच आलेले, सर्वोदयाच्या वाटेने गेलेले कार्यकर्ते. त्यांच्याभोवती लोक जमले, बाहेरून तरुण आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरीसाठी संप झाले, जमिनींचे कागद काढले गेले, बायकांनी पाड्या-पाड्यांवर जाऊन दारूचे मडके फोडले. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले. पण त्याच वर्षी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. सगळ्या जमिनी परत आल्या का? नाही. किती जण तहसीलच्या फेऱ्या मारता मारता मेले, ते मी माझ्या दुकानाच्या ओट्यावरून पाहिले आहे. तरी अर्ज लिहायला जागा होती, कलम होते, कधीमधी निकालही लागत होता.

पुढे नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावे आली. पहिले गेले ते आमच्या तालुक्यातले मणिबेली. घर, शेत, देव सगळे बुडत असताना, १९९३ मध्ये अक्राणीत पोलिस गोळीबारात एक आदिवासी मुलगा मारला गेला असतानाही, त्या लोकांनी पाण्यात उभे राहण्याचा मार्ग धरला, बॉम्बचा नाही. जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली आणि १९९३ मध्ये प्रकल्पाचे कर्ज थांबले. धरण थांबले नाही. पण ऐकले जाते, हा अनुभव लोकांना आला.

शेजारी गडचिरोली ठेवून पाहा. तिथेही आदिवासी, जंगल, गरिबी आणि अंमलदारांचा जाच. तिथे १९८० पासून आंध्रातून सशस्त्र संघटना आली. तिने तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून घेतली, हे खरे. पण तिने 'खबरी' म्हणून जे मारले, ते बहुतेक आदिवासीच होते. गावातल्या एकाला रात्री नेऊन मारायचे आणि सकाळी प्रेत रस्त्यावर ठेवायचे, यात तिन्ही खुणा पुऱ्या होतात. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला भूसुरुंगात पंधरा पोलिस आणि त्यांचा चालक मेले. ती पोरेही बहुतांशी त्याच मातीतली.

दोन्हीकडे गरिबी सारखी, म्हणून केवळ गरिबी हे कारण पुरत नाही. गरिबीतून दहशतवाद निघाला असता, तर आमचा सातपुडा केव्हाच पेटला असता. फरक माझ्या मते तीन ठिकाणी पडला: इथे आधी कोण पोचले, त्यांनी लोकांच्या हातात काय दिले आणि दाद मागायची वाट अर्धी तरी उघडी राहिली का. बंदूक हा निवड करून उचललेला मार्ग असतो. कारणे ढकलतात, निवड माणसे करतात, आणि तिची जबाबदारीही माणसांचीच.

दाद पुरत नाही तेव्हा

माझ्याच मांडणीवर मला दोन आक्षेप घेतले पाहिजेत. २६ नोव्हेंबर २००८ ला समुद्रातून मुंबईत उतरलेल्या दहा जणांनी १६६ माणसे मारली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणाऱ्यांकडे त्यांची कुठली तक्रार होती? लष्कर-ए-तय्यबाने सीमेपलीकडे शिकवून पाठवलेली ती माणसे होती. तिथे दाद देणे हा उपायच नाही. तिथे पहारा, हेरखाते आणि बंदूकच लागते. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांतही २५७ माणसे अशीच गेली. जे हे नाकारतात ते मेलेल्यांचा अपमान करतात.

दुसरा आक्षेप मालेगावचा. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, तिथल्या बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली. शहरातलेच नऊ मुस्लिम आरोपी धरले गेले. तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे, तिसरीकडे गेला आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ ला त्याच शहरात, भिक्कू चौकात, पुन्हा स्फोट झाला, सहा जण मेले. त्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. दहा दिवस आधी, ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटांतले बारा जण उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले होते. कोर्टांनी पुराव्यावर निकाल दिले, ते तसेच द्यायला हवेत. पण आरोपींची वर्षे गेली ती गेली आणि ज्यांची माणसे मेली त्यांनी विचारले, मग मारले कुणी? या प्रश्नाला उत्तर नसणे ही दोन्ही बाजूंची दाद बुडणे आहे. चुकीचा माणूस धरला की खरा सुटतो, एवढे तरी सगळ्यांना पटावे.

म्हणून 'दाद द्या, दहशत संपेल' असा ताईत मी विकत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. दाद दिल्याने प्रत्येक मारेकरी थांबत नाही. पण त्याच्यामागे उभे राहणारे गाव थांबते. १८२५ चे धरणगाव आणि १९७२ चे शहादे एवढेच सांगतात.

त्या तरुणाला मी हे सगळे एका संध्याकाळी सांगितले. म्हटले, खाज्या नाईकांबद्दल लिहिताना आधी काय घडले ते लिही, कुणाला मारले, कुणाला लुटले, का आणि त्यांना काय केले. मग नाव दे. नाव आधी देऊन बसलास की घडलेले दिसत नाही.

तो हसला. "काका, एवढं लिहायला उत्तरपत्रिकेत जागा नसते."

ते खरेच आहे. जाताना त्याने घरातला तो धाडीचा अडसर पाहायला मागितला. जुने घर पाडल्यापासून तो माळ्यावर पडून होता. आम्ही दोघांनी मिळून तो खाली उतरवला. चांगलाच जड होता. त्याने तो उचलून पाहिला, उभा करून पाहिला आणि म्हणाला, "लाकूड आमच्याच डोंगरातलं आहे."